कड खाल्लेला रुपया

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

नांदूरघाट,
संक्रांतीची कर, गुरुवार

प्रिय रुचिका,

अनेक आशीर्वाद. पाकीट हातात पडल्याबरोबर तू आधी ते बोटांनी चाचपलं असशील, हे मला इथं बसून दिसतंय. चाचपू नको. त्यात नाणं नाही. टेम्पोवाल्या अभिमन्यूवर ओरडू नको, त्याचा काही दोष नाही. तो बिचारा तीनदा येऊन गेला, आज्जी, पुण्याला काय द्यायचं ते द्या, गाडी भरली म्हणून. तिन्ही वेळा मी त्याला चहा पाजून परत लावलं. आज त्याच्या हाती हे पत्र दिलंय, तिळाच्या पोळ्या दिल्यात आणि कारळाची चटणी दिलीय. चटणीचा डबा परत आण, तो तुझ्या आईचा आहे आणि ती डब्यांची मोजणी ठेवते. नाणं हरवलेलं नाही. माझ्या कुंकवाच्या जुन्या डबीत, कापसात, तू जसं ठेवलं होतंस तसंच आहे. पण रविवारच्या तुमच्या नाण्यांच्या प्रदर्शनाला मी ते पाठवत नाही. तू कार्ड छापून घेतलंस, मला फोनवर वाचून दाखवलंस, टाकसाळीत कड कापली गेलेला रुपया, १९७८, सचोटीचे व्यापारी लिंगैक्य शिवलिंगप्पा यांच्या दुकानातून. तुझा आवाज कसा भरून आला होता. मी इकडून नुसतं हं हं केलं. फोनवर मला सांगता आलं नसतं. फोनवर तू मधे बोलतेस, आणि आपल्या घरात फोन म्हणजे चौघांनी ऐकायची गोष्ट. म्हणून लिहायला बसले.

आणि लिहिणं काय सोपं आहे का मला. चौथीपर्यंतची शाळा, तीही मास्तर आले तर. भोगीच्या दुपारी सुरू केलं, आज कर. मधे बोटं आखडतात, मग मी पाय पसरून बसते, मग गुडघे बोलायला लागतात. दिवस उगवतो तसाच मावळतो आणि मी मधल्या मधे दमते, एवढंच काम राहिलंय आता मला. तुझे बाबा म्हणतात गल्ल्यावर बसू नका, आराम करा. आराम करून तर जास्त थकायला होतं बाई. गल्ल्यावर बसलं की निदान चार माणसं दिसतात.

आणि आता तर माणसं नाण्यासाठीच येतात! तू दिवाळीला ते भिंग दिलंस आणि माझी पार शोभा करून ठेवलीस. सगळ्या गावाला कळलंय की किराणा दुकानातली म्हातारी नाणी तपासते. मोबाईलवर काय काय दाखवतात, अमुक नाणं विका आणि लाखो मिळवा, आणि जो तो घरातला गल्ला उपडा करून माझ्यापुढं आणतो. परवा बायनाबाई आली. तीच ती, मागच्या गल्लीतली, हसताना तोंडाला पदर लावणारी. आष्टीला लेकीकडं गेलती. तिच्या जावयानं रेल्वेच्या रुळावर रुपया ठेवला होता, गाडी वरून गेली आणि त्याची पापडी झाली. ती पापडी ही पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली आणि मला म्हणते, उमाबाई, असलं एकच हाय बघा सगळ्या इंडियात. मी म्हटलं, बायनाबाई, टाकसाळीत रेल्वे जात न्हाई. तर रुसली. मग तिला चहा.

त्याच्यानंतर सटवा. त्याचं पंक्चरचं दुकान आहे स्टँडजवळ. आपल्या भागात दहाचं नाणं कुणी घेत नाही, खोटं आहे म्हणतात, ते सगळे दहा आमच्याच दुकानात येऊन पडतात, हे तुला माहीत आहे. तर सटवानं एक दहाचं नाणं आणलं, बाहेरचं पिवळं कडं आहे आणि मधली पांढरी चकतीच नाही. म्हणे आज्जी, जन्मलंच असं. मी भिंग लावलं. आतल्या काठावर एका बाजूनं ठोकल्याच्या खुणा, धातू दबून पलीकडं ओठासारखा बाहेर आलेला. मी विचारलं, कावून रे सटवा, टाकसाळीत पंक्चर काढायचं दुकान निघालंय का? दुकानात बसलेले सगळे हसले, तोही हसला, म्हणाला, आज्जीच्या डोळ्याला डोळा द्यायचा न्हाई बे कुणी. मला लई आनंद झाला बघ. सत्तरी ओलांडल्यावर कुणी आपल्या डोळ्यांना नाव देईल असं वाटलं नव्हतं.

खरं नाणं मला आजवर एकच सापडलं, ते पाचाचं. छापा सरळ धरून नाणं उलटं केलं की मागचा आकडा आडवा पडलेला, झोपल्यासारखा. वरचा ठसा आणि खालचा ठसा एकमेकांकडं तोंड करून बसलेच नव्हते. तू म्हणाली होतीस, आज्जी, ही चूक नंतर कुणालाच करता येत नाही, हातोड्यानं नाही, कानशीनं नाही, ही टाकसाळीचीच. आणि मी काय केलं होतं? तुला दाखवायच्या आधी ते चिंच आणि राख लावून चांगलं घासून काढलं होतं. सोमवार होता, देवाची भांडी घासायला काढली होती, त्यातच तेही घासलं. लख्ख. तुला व्हिडिओवर दाखवलं तर तू कपाळाला हात लावलास. घासलेल्या नाण्याला तुमच्यात किंमत नाही हे मला कोण सांगणार? आमच्या घराण्यात घासल्याशिवाय कशालाच किंमत नसते.

पण तू शिकवलेलं मी विसरत नाही. तू म्हणालीस, टाकसाळीच्या चुकीत धातू आलेलाच नसतो, किंवा भलत्या जागी आलेला असतो. नंतर मार बसलेल्या नाण्यात मात्र धातू होता आणि तो कुणीतरी हलवला. हलवलेला धातू कुठंतरी जातो, शेजारी ढीग करतो, नांगराच्या तासाच्या कडेला माती होते तसा. नखानं लागतो तो. हे मी येईल त्याला सांगते. आणि कड कापलेल्या नाण्याचं पण सांगितलं होतंस, की चकतीच मुळात कमी असेल तर ठसा पडताना तिथून जोर निसटतो, मग कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कडसुद्धा मंद उमटते, अक्षरं कापाकडं जाता जाता ताणून विरळ होतात. ही समोरची कड ध्यानात ठेव. मी लगेच येते त्याच्याकडं.

मधे एक आठवलं, ते सांगते. सकाळी भाजी चिरताना विळीला धार लावली, तेव्हा आठवलं. तुझे आजोबा लग्नानंतर माझ्यासाठी काय काय घेऊन आले, हे तू मागं एकदा विचारलं होतंस आणि मी हसून टाळलं होतं. काय सांगणार होते? लुगडं मामंजी घ्यायचे, सगळ्या घराचं एका ठाण्यातलं. बांगड्या कासारीण घरी येऊन भरायची. तुझ्या आजोबांनी स्वतःच्या मनानं, कुणी न सांगता, माझ्यासाठी आणलेली वस्तू एकच. केजच्या बाजाराला गेलते, संध्याकाळी परत आले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून न बोलता निघून गेले. मी उघडलं तर कानस. लोखंड घासायची कानस, बारीक दाताची, लाकडी मुठीची. मी तेव्हा चोवीस पंचवीस वर्षांची. शेजारणींना सांगितलं तर त्या आठ दिवस हसल्या. कुणाचा नवरा गजरा आणतो, कुणाचा आरसा, उमाबाईचा नवरा कानस आणतो. मी पण हसले. मला वाटलं विळीसाठी असेल. वापरली विळीला. अजून तीच आहे, मूठ दोनदा बदलली.

आता त्या रुपयाचं. दिवाळीत तू माळ्यावरून जुन्या तराजूची पेटी खाली काढलीस. खाली मापं, मापांच्या खाली कापडाची चिंधी, आणि चिंधीत तो रुपया. मी अनारसे तळत होते. तू पळत आलीस, आज्जी, बघ, कड खाल्लेला, चंद्राच्या कोरीएवढी कड गायब! तिथंच फोटो काढलास, तुमच्या मंडळात टाकलास, आणि घटकाभरात कुणी मोठे जाणकार म्हणाले की ही कापलेली चकती वाटते, दुर्मिळ आहे. तू मला मिठी मारलीस. माझ्या डोळ्याला पाणी आलं, तू विचारलंस काय झालं, मी म्हटलं तुपाचा धूर. बाळ, धूर नव्हता. मी ते नाणं ओळखलं होतं. तू एवढं शिकवलंस सगळ्यांना आणि स्वतः फसलीस, कारण ते आजोबांच्या पेटीतून निघालं. शिवाय कापलेल्या जागी जुनं मेण भरलेलं होतं आणि जाणकारांनी बघितला नुसता फोटो. समोरची कड बघायची राहून गेली. समोरची कड चांगली ठसठशीत आहे, रुचिका. काठावरचा दाणा न् दाणा उमटलाय.

ते नाणं टाकसाळीतून धडधाकट आलं होतं. ते आपल्या दुकानाच्या तराजूला, माल घालायच्या पारड्याच्या खालून, मेणानं चिकटवलेलं असायचं. तेव्हाचा रुपया चांगला जाड होता, आठ ग्रॅमचा. त्या पारड्यात आठ ग्रॅम आधीच बसलेले, म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढा माल कमी. रिकामा तराजू कुणाला दिसू द्यायचा नाही, दुसऱ्या पारड्यात माप ठेवूनच उचलायचा, ही दुकानाची रीत. ही मामंजींची रीत, म्हणजे तुझ्या आजोबांच्या वडिलांची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दिसत फारसं नव्हतं, पण रोज सकाळी दुकान उघडलं की गादीवर बसून तराजूला विभूती लावायचे आणि विभूतीच्याच बोटानं पारड्याच्या खाली चाचपायचे. नाणं लागलं बोटाला की म्हणायचे, शिवशिव, चला, करा सुरू. आणि तुझे आजोबा त्याच तराजूनं दिवसभर तोलायचे. मी दसऱ्याला पारडी घासायला काढली तेव्हा मला ते दिसलं. मी कुणाला काही विचारलं नाही. त्या काळी सून विचारत नसे, आणि काय विचारायचं होतं? दिसतच होतं.

तुला वाटेल आठ ग्रॅमनं काय होतं. किलोभर साखर नेणाऱ्याला काहीच होत नाही. पण पन्नास ग्रॅम चहा नेणाऱ्याचा सहावा भाग जातो, आणि पन्नास ग्रॅम कोण नेतं? ज्याच्याकडं जास्त न्यायची ऐपत नाही तो. ते नाणं बरोबर त्यालाच चावायचं. वस्तीवरची चंद्रभागाबाई, ऊसतोडीला जायची, दसऱ्यानंतर सहा महिन्यांसाठी निघायच्या आधी वाटेपुरतं सामान असं पुड्या पुड्या करून न्यायची. इतका चहा, इतकं तिखट, इतकी हळद. लई बोलकी बाई. एकदा पुडी तळहातावर तोलून धरली, माझ्याकडं बघितलं, आणि सगळ्या दुकानादेखत म्हणाली, काय वो उमाबाई, तुमच्या तराजूला सर्दी झालीया जणू, एकीकडं डोकं धरून बसलाय. मामंजी गादीवरून ओरडले, घ्यायचं तर घे नाहीतर चालती हो. तुझे आजोबा खाली मान घालून पुढची पुडी बांधत राहिले. ती पुड्या तिथंच ठेवून गेली आणि परत आली नाही. दोन वर्षं रस्त्यावरून जाताना आपल्या दुकानाकडं बघायची पण नाही. मला तिच्यापुढं लाज वाटली, आणि नवऱ्याची चीड आली. हा माणूस बापासारखाच आहे, असं मी त्या दिवशी मनात लिहून टाकलं.

नाणं काढून टाकता येत नव्हतं, सकाळी बोट फिरायचं. म्हणून मी ते बारीक करायचं ठरवलं. बोटाला फक्त लागतं की नाही एवढंच कळणार, किती उरलंय ते कुठं कळतंय? दुपारी जेवणं झाली की दुकान तासभर बंद, बापलेक दोघं आडवे व्हायचे. तेवढ्यात मी पारडं आत आणायची, चुलीच्या निखाऱ्यावर मेण सैल करायची, नाणं काढायची आणि घरातल्या विळ्याच्या जुन्या कानशीनं एका बाजूनं घासायची. आठवड्यातून एकदा, चारपाच हात. मग परत चिकटवून टाकायची. रुपया लई कडक धातूचा, कानस घसरायची, बोटं सोलून निघायची, आणि मी डावखुरी. माझ्या सासूनं डाव्या हातावर लाटणं मारून मारून मला उजव्या हातानं वाढायला शिकवलं, पण जोराचं काम आलं की हात डावाच पुढं येतो, अजून येतो. असं मी वर्षभर केलं असेल. मला तेव्हा वाटायचं, माझ्या घासण्याच्या मानानं रुपया जरा लवकरच झिजतोय. म्हटलं महादेवाची कृपा.

मग मामंजी लिंगैक्य झाले. दुकान पाच दिवस बंद होतं. सहाव्या दिवशी उघडलं, दुपारी मी पारडं उलटं केलं तर नाणं नाही. मेणाचा गोल डाग तेवढा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ह्यांना कळलं की रुपया बारीक झालाय, आता नवा, अख्खा लावतील. मी महिनाभर रोज पारडं उलटं करून बघितलं. नव्हता लावला. मग वाटलं, आता दुसरी काही युक्ती काढली असेल, मापात केली असेल. पुढच्या चैत्रात तोड संपवून चंद्रभागाबाई गावात आली, रस्त्यानं चालली होती. तुझ्या आजोबांनी स्वतः तिला हाक मारली. दुकानाबाहेर उभं राहून म्हणाले, या बाई, सर्दी गेली तराजूची. आणि चहा तोलला, वर आणखी चिमूटभर टाकला. ती हसली. मी मात्र दाराआडून ऐकलं आणि माझं अंग जळलं. म्हटलं काय निगरगट्ट माणूस आहे, पाप करून वर थट्टा. बाळ, तेव्हापासून चाळीस वर्षं मी ते मनात धरून ठेवलं. भांडले नाही. जेवायला वाढलं, दुखण्यात पाय दाबले, कपिलधारच्या वारीला बरोबर चालत गेले, पण आत एक जागा अशी होती की तिथं त्यांना मी बसू दिलं नाही. त्यांना ते कळत असणार. लोक म्हणायचे, शिवलिंगप्पांचा काटा म्हणजे काटा, आणि मी जमिनीकडं बघायची. तीन वर्षांपूर्वी ते गेले, माणसं समाचाराला आली, सगळे तेच बोलत होते, सचोटी, सचोटी. मी रडले, पण त्या शब्दाला रडू थांबायचं. फार थकवतं ग असं धरून ठेवणं. पाण्याची घागर सुद्धा इतका वेळ डोक्यावर कुणी ठेवत नाही.

तू पुण्याला गेलीस आणि नाणं माझ्यापाशी ठेवलंस, म्हणालीस जपून ठेव. मी आठ दिवस त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी वाटलं, सगळ्या गावाची नाणी बघते, आपलंही पाप बघू. सुईनं हळूहळू मेण काढलं, उन्हात बसले, भिंग लावलं. घासलेल्या कडेवर रेघा स्पष्ट दिसल्या. पण रुचिका, रेघा दोन तऱ्हेच्या होत्या. अर्ध्या कडेवर एकीकडं कललेल्या आणि बाकी अर्ध्या कडेवर उलट्या बाजूला कललेल्या. मधोमध जिथं दोन्ही भेटतात तिथं वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींवर. मला काही कळेना. मी एक एक रुपयाची दोन नाणी गल्ल्यातून घेतली. एकाची कड मी घासली. दुसरं तुझ्या आईच्या हातात दिलं, म्हटलं सरस्वती, एवढं घास. ती म्हणाली, आत्याबाई, आता हे काय नवीन, कणीक मळायचीय मला. म्हटलं घास ग, चार हात मार. तिनं मारले, उजव्या हातानं. दोन्ही नाणी भिंगाखाली शेजारी धरली. तिच्या रेघा एकीकडं आणि माझ्या दुसरीकडं. मी तो अठ्ठ्याहत्तरचा रुपया मधे ठेवला, आणि उन्हात बसल्या जागी मोठ्यानं हसायला लागले. सरस्वती कणकेच्या हातानं बाहेर पळत आली, तिला वाटलं सासूला काही झालं.

घरात तेव्हा माणसं किती होती? सासू आधीच गेलेली. मामंजींना दिसत नव्हतं. तुझे बाबा पाटी घेऊन शाळेत जायचे. उजव्या हाताचा एकच माणूस उरतो. मी दुपारी घासायची, ते झोपलेले असताना. आणि ते सकाळी घासत असणार, मी हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेली असताना, कारण तेव्हा मी उठत नाही आणि बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. बापाच्या तोंडावर बोलायची त्यांची पण छाती नव्हती, माझ्यासारखीच. मला त्यांचं कळलं नाही, पण त्यांना माझं कळलं होतं. नाण्यावर त्यांच्या रेघांच्या उलट्या रेघा त्यांना दिसल्याच असणार, घरात डावखुरं कोण आहे ते काय त्यांना सांगायला पाहिजे होतं? आणि मग ते केजच्या बाजाराला गेले. माझी जुनी कानस घसरते, बोटं सोलतात, हे त्यांनी जेवताना बघितलं असेल. रुपयासाठी आणली होती ती, आणि मी खुळी जन्मभर विळीला लावत बसले.

तर पत्र एवढ्यासाठी. नाणं खोटं आहे म्हणून पाठवत नाही असं समजू नको. त्या कार्डाबरोबर पाठवत नाही. ते टाकसाळीत चुकलेलं नाही, आणि चूक नसलेल्या गोष्टीला चूक म्हणून तुझ्या आजोबांचं नाव खाली लिहायचं, हे त्यांच्या काट्याला शोभणार नाही. त्या जाणकारांना फोन करून सांग की आमच्या आज्जीनं बघितलं, समोरची कड ठसठशीत आहे, ते समजतील. रविवारी तुझी जागा रिकामी राहिली तर राहू दे, हसणारे आठ दिवस हसतात, मला माहीत आहे. महाशिवरात्रीला तू ये आणि तुझ्या हातानं घेऊन जा. पण आधी नवीन कार्ड छाप. मामंजींचं नाव घालू नको, त्यांचं त्यांनी महादेवाला सांगितलं असेल. सचोटी पण लिहू नको, त्या शब्दानं मला लई दमवलंय. एवढंच लिही: रुपया, १९७८. टाकसाळीची चूक नाही, नंतर खराब केलेला. खराब करणारे, शिवलिंगप्पा आणि उमाबाई. दोन्ही नावं एका ओळीत आली पाहिजेत, बाळ, कार्ड लहान पडलं तर मोठं घे.

नाणं आणि वाट, दोन्ही राखून बसलेली
तुझीच,
उमा आज्जी